माळ्यावरचा माल

लॅपटॉप दोन प्रकारे मरतो. एक म्हणजे खरोखर मरतो. मदरबोर्ड जातो, कीबोर्डवर चहा सांडतो, पावसात बॅग भिजते. दुसरा प्रकार म्हणजे आपणच त्याला मेला म्हणून जाहीर करतो. 'जाम स्लो झालाय यार' असं महिनाभर म्हणायचं, मग एखाद्या दिवाळीत ईएमआयवर नवा घ्यायचा आणि जुना जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकायचा. तिथे त्याच्या शेजारी आधीच एक मिक्सर, दोन मोबाइल आणि कुठल्याच वस्तूला न लागणारे सहा चार्जर असतात.

मंडळी, आजचा विषय हा दुसऱ्या प्रकारचा मृत्यू. कारण यातली बरीच मंडळी जिवंत असतात! आणि त्यांना उठवायला लागणारे पार्ट बहुतेकदा त्याच माळ्यावर, नाहीतर मित्राच्या माळ्यावर पडलेले असतात.

आधी लॅपटॉप 'स्लो' होतो म्हणजे काय होतं, तो फंडा क्लिअर करून घेऊ. प्रोसेसर म्हातारा होत नाही. २०११ साली सेकंदाला जितकी आकडेमोड करायचा तितकीच तो आजही करतो (धुळीने पंखा चोंदून गरम झाला तर गोष्ट वेगळी). बदललेलं असतं ते त्याच्यावरचं ओझं. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. दोन माणसांच्या वरण-भाताला पुरणारा ओटा तुम्ही घेतला आणि आता त्यावर पन्नास पानांची पंगत शिजवताय. ओट्यावर जागा संपली की कॉम्प्युटर काय करतो? अर्धं सामान माळ्यावर ठेवतो आणि लागेल तेव्हा शिडी लावून खाली आणतो. जिऱ्यासाठी शिडी, मोहरीसाठी शिडी.

आणि ही शिडी केवढी उंच! जुन्या लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे मारते. म्हणजे एक फेरा सुमारे ११ मिलिसेकंदांचा. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. प्रत्येक छोट्या फाइलमागे बारा-पंधरा मिलिसेकंद गेले. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं. शंभरपटींहून जास्त फरक. लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल उघडाव्या लागतात, त्यामुळे तेवढ्या वेळात तुमचा चहा पिऊन होतो.

तेव्हा जुन्या लॅपटॉपवर पैसे टाकायचे तर फक्त दोनच जागी: हार्ड डिस्क काढून एसएसडी, आणि रॅम. बाकी सगळी हौस. प्रोसेसर बदलायच्या भानगडीत तर पडूच नका.

हे सगळं आत्ताच का? कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटी चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, म्हणजे ढोबळमानाने २०१८ आणि नंतरचे लॅपटॉप. त्याआधीची भलीमोठी फौज धडधाकट असूनही एका फटक्यात 'आउट' झाली. दुसरीकडे, २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटर्ससाठी मेमरी चिप्सची एवढी उचल झाली की रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने आपला 'क्रुशियल' हा ब्रँड ग्राहकांच्या बाजारातून काढून घेण्याचं जाहीर केलं. तुमच्या ड्रॉवरमध्ये जुनी रॅम पडली असेल तर ती फेकू नका. सोनं नसेल, पण निदान गंजकं लोखंडही नाही.

आता खरी केस. डोंबिवलीची माझी मावसबहीण यंदा बी.एस्सी. आयटीच्या पहिल्या वर्षाला गेली. पायथन, जावा, डेटाबेस असं सगळं पहिल्याच वर्षी. लॅपटॉप हवाच. आणि नेमक्या त्याच महिन्यात काकांची नोकरी गेली. वीस वर्षांची नोकरी, दोन ओळींचा ईमेल. मावशीने मला फोन केला आणि उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "अगं, ते हप्त्यावर मिळतात ना? सोन्याचं काहीतरी बघते मी. तू फक्त चांगला कुठला ते सांग."

सोन्याचं काहीतरी म्हणजे तिच्या पाटल्या. त्या मोडून घेतलेल्या लॅपटॉपवर पोरीला 'हॅलो वर्ल्ड' प्रिंट करता आलं असतं का? आलं असतं. पण मला ते काही पचेना. म्हटलं, "मावशी, पंधरा दिवस दे मला. पाटल्यांना हात लावू नकोस."

माझ्या भावाच्या ऑफिसने पूर्वी जुने लॅपटॉप भंगाराच्या भावात काढले होते, त्यातला एक त्याने घेतला होता. थिंकपॅड एक्स२२०, साल २०११. तो माळ्यावर होता. ऑफिसचे जुने लॅपटॉप ही चीज लक्षात ठेवण्यासारखी आहे. कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉपची अख्खी बॅच बदलतात, म्हणून लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक ही मंडळी सेकंडहँड बाजारात ढिगाने येतात. दिसायला काळीकुट्ट, पण ती उघडून दुरुस्त करण्यासाठीच बनवलेली असतात. दुरुस्तीची सचित्र पुस्तिका, कुठला स्क्रू कुठे जातो यासकट, खुद्द कंपनीने दिलेली असते. याउलट ते वर्तमानपत्राच्या घडीइतके पातळ, देखणे लॅपटॉप! अनेकांत रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन चिकटवलेली. मॅकबुक एअरमध्ये तर २००८ च्या पहिल्या मॉडेलपासून तसंच. तिथे आपली हातचलाखी चालत नाही. म्हणून पहिलं काम हे की मॉडेल नंबर शोधा आणि रॅमचे स्लॉट आहेत का ते बघा. नसतील तर पुढचा लेख गंमत म्हणून वाचा.

एक्स२२० मध्ये दोन स्लॉट आहेत, पोटाखालचं छोटं झाकण उघडलं की समोर. डिस्क बाजूच्या झाकणातून निघते, एका स्क्रूवर. आमच्याकडच्या मशीनमध्ये दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या आणि ३२० जीबीची हार्ड डिस्क होती. सुरू व्हायचा, पण ब्राउझर उघडेपर्यंत माणसाचा संयम सुटायचा. कीबोर्डच्या तीन कळा गायब आणि बॅटरी चार मिनिटांची. बाकी ठणठणीत.

मग शोध सुरू झाला दाता लॅपटॉपचा. हा शब्द मी अवयवदानावरूनच घेतलाय, आणि प्रकार तोच आहे. माझ्या एका मैत्रिणीचा २०१५ चा लॅपटॉप जुलैमध्ये रिक्षात भिजून गेला होता. मदरबोर्ड संपला. दुरुस्तीचा आकडा ऐकून तिने तो तसाच ठेवून दिला होता. पण मदरबोर्ड गेला म्हणजे सगळं जात नाही! आतली रॅम, आतली एसएसडी, स्क्रीन, पंखा, वायफाय कार्ड, सगळं शाबूत असू शकतं. तिच्या लॅपटॉपमधून आम्हाला मिळाली चार जीबीची एक पट्टी आणि २४० जीबीची एसएसडी, जी तिने स्वतःच दोन वर्षांपूर्वी बसवून घेतली होती. म्हणजे अर्धं लग्न तिथेच जमलं.

अर्धं म्हणतेय, कारण पत्रिका जुळवावी लागते. आणि इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात, म्हणून जरा सविस्तर.

रॅमच्या पट्टीवर एक स्टिकर असतो. त्यावर पीसी३-१०६००एस किंवा पीसी३एल-१२८००एस असं काहीतरी लिहिलेलं असतं. 'पीसी३' म्हणजे डीडीआर३. पुढचा आकडा वेगाचा. शेवटचा 'एस' म्हणजे लॅपटॉपची छोटी पट्टी. डीडीआर२, ३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची पिढी बसतच नाही. बसत नसेल तर दाबू नका, प्लीज. पण खरी गोम आहे मधल्या 'एल'मध्ये. एल म्हणजे लो व्होल्टेज, १.३५ व्होल्टची. साधी डीडीआर३ असते १.५ व्होल्टची. दोघींची खाच एकच! आता एल असलेली पट्टी दोन्ही व्होल्टेजवर चालते, म्हणून ती एक्स२२० सारख्या जुन्या मशीनमध्ये खुशाल बसवा. पण उलटं करायला जाल, म्हणजे इंटेलच्या चौथ्या पिढीच्या, साधारण २०१३ नंतरच्या लॅपटॉपमध्ये एल नसलेली पट्टी घालाल, तर ती आरामात बसेल आणि स्क्रीन काळाच राहील. मग दुकानदार म्हणणार तुमचा लॅपटॉप खराब, तुम्ही म्हणणार त्याची रॅम खराब. दोघंही चूक. वाट एकेरी आहे, एवढंच.

आमची पट्टी एलवाली निघाली. झकास.

डिस्कचं प्रकरण जाडीचं असतं. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्क दोन जाड्यांत सर्रास मिळतात, ९.५ मिलिमीटर आणि ७ मिलिमीटर. एक्स२२० मध्ये ७ चीच जागा आहे. ड्रॉवरमध्ये सापडलेली जुनी जाड डिस्क तिथे जाणार नाही, कितीही प्रेमाने ढकलली तरी. अडीच इंची एसएसडी मात्र बहुतेक ७ च्याच असतात. तुमचा लॅपटॉप जरा अलीकडचा असेल आणि त्यात च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ एसएसडी बसत असेल तर वेगळी काळजी घ्या. एम.२ हा नुसता आकार आहे. त्याच आकारात साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती येतात आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही जाती चालवून घेत नाही. दुकानात जायच्या आधी मॉडेलच्या कागदपत्रांत बघा.

आणखी एक खास थिंकपॅडी गंमत. त्या काळच्या मॉडेलांच्या बायॉसमध्ये चालणाऱ्या वायफाय कार्डांची यादीच असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की सुरू होताच १८०२ नंबरची एरर देऊन गाडी तिथेच थांबते. यावर इंटरनेटभर जुगाड आहेत, पण माझं मत विचाराल तर नख म्हणता हात जायचा. आहे ते कार्ड राहू द्या आणि वेगवान वायफाय हवंच असेल तर यूएसबी डाँगल लावा.

राहिलेली चार जीबी आणायला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजूनही १९०३ ते १९०७ मधला गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टनच. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं आणि चालत सुटायचं. दिल्लीकरांना जे नेहरू प्लेस, बंगळुरूकरांना जो एस. पी. रोड, ते आपल्याला हे. रविवार सोडून जा, आणि लॅपटॉप सोबत घेऊन जा! हे फार महत्त्वाचं. दुकानदार म्हणतो, "मॅडम, एकदम टेस्टेड माल है." आपण गोड हसायचं आणि म्हणायचं, "तो फिर इसमें लगाके दिखाओ ना भैया." दोन मिनिटांचं काम असतं. जो कुरकुर करेल त्याच्या दुकानातून उठा. शेजारी दुसरं आहेच.

पहिल्या दोन दुकानांत मावसबहीण माझ्या मागे उभी होती. तिसऱ्या दुकानात तिने स्वतः पट्टी हातात घेतली, स्टिकर वाचला आणि म्हणाली, "यह तो पीसी३ है, एल नहीं है. हमें चलेगा, लेकिन भाव कम करो." दुकानदार बघतच राहिला. मी पण. शंभर रुपये कमी झाले.

पट्टी सुरू झाली म्हणजे ती चांगली असं नाही. घरी आल्यावर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस हा फुकट प्रोग्रॅम चालवायचा आणि झोपून जायचं. सकाळी एकही लाल एरर दिसता कामा नये. दिसली, तर पट्टी परत. म्हणूनच बदलून देण्याची मुदत आधी बिलावर लिहून घ्यायची, तोंडी नको. तसंच सेकंडहँड डिस्कचं. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं की डिस्क एकूण किती तास चालली, तिचे किती सेक्टर बाद झाले, एसएसडी असेल तर किती आयुष्य शिल्लक, ही सगळी कुंडली समोर येते. माझा नियम असा: वापरलेली रॅम, कीबोर्ड, स्क्रीन बिनधास्त. वापरलेली एसएसडी कुंडली बघूनच. वापरलेली हार्ड डिस्क मुख्य डिस्क म्हणून कधीच नको. आणि वापरलेली बॅटरी? फुकट दिली तरी नको.

बॅटरीबद्दल मी जरा कडक आहे. लिथियम-आयन सेल वापरात असो वा नसो, वर्षांनुवर्षं झिजतोच. खराब होताना तो गॅस धरून फुगू शकतो, आणि फुगलेला सेल टोचला किंवा दाबला गेला की आग. टचपॅड वर आल्यासारखा वाटतोय, झाकण नीट बसत नाहीये, अशी लक्षणं दिसली की लॅपटॉप ताबडतोब बंद करा आणि बॅटरी घरी उचकटत बसू नका. एक्स२२० ची बॅटरी मागून खटका दाबून निघते, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. तिथे आम्ही नवीन घेतली. चार्जर मात्र जुनाच चालला. चार्जरचा साधा हिशोब असा की व्होल्टचा आकडा तोच हवा (इथे २०), आणि अँपिअर तितकेच किंवा जास्त. माळ्यावरच्या त्या सहा चार्जरमधून उगीच पिन बसते म्हणून लावू नका.

आता एसएसडी. ती मैत्रिणीच्या लॅपटॉपमधून निघाली तेव्हा तिच्यात काय काय होतं माहितीये? पाच वर्षांच्या सॅलरी स्लिप, पॅन आणि आधारचे स्कॅन, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, आणि ज्याचं नाव आता घ्यायचं नसतं अशा माणसाबरोबरचे गोव्याचे चारशे फोटो. आम्ही ती यूएसबीच्या डबीत घालून जोडली, मैत्रीण शेजारी बसली, हवं ते तिने आपल्या डिस्कवर घेतलं. गोवा घेतलं की नाही, मी विचारलं नाही. पण विचार करा, हाच लॅपटॉप तिने किलोच्या भावाने भंगारवाल्याला दिला असता तर?

'फॉरमॅट मारला' म्हणजे डेटा गेला, हा गैरसमज आहे. क्विक फॉरमॅटमध्ये पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानं तशीच राहतात. साध्या हार्ड डिस्कवर पूर्ण ओव्हरराइट करावं लागतं. एसएसडीवर तेही खात्रीचं नाही, कारण झीज सारखी वाटली जावी म्हणून ती आतल्या आत माहितीच्या जागा बदलत असते. तिच्यासाठी 'सिक्युअर इरेझ' ही वेगळी कमांड असते, बऱ्याच कंपन्यांच्या स्वतःच्या टूलमध्ये ती मिळते. ती चालवली, मगच डिस्क मावसबहिणीच्या हातात दिली. सेकंडहँड डिस्क विकत घेणाऱ्यांनाही सांगते, समोरच्याचा डेटा दिसला तर उघडून बघू नका, पुसून टाका. उद्या तुमचीही डिस्क कुणाच्या तरी हातात जाणार आहे.

कीबोर्ड लॅमिंग्टन रोडवरच मिळाला. एक्स२२० चा कीबोर्ड हा थिंकपॅडवाल्यांच्या भक्तिमार्गाचा विषय आहे. सात ओळींचा जुना, खोलगट कळांचा तो शेवटच्या काहींपैकी. २०१२ मध्ये पुढच्या मॉडेलला सपाट कळा आल्या आणि काही वेडे लोक नव्या मॉडेलला जुना कीबोर्ड बसवत सुटले. टाइप करून बघा, मग त्यांना वेडे म्हणणार नाही. कीबोर्ड काढलाच होता म्हणून पंख्यातली धूळ काढली (गालिच्याचा तुकडा म्हणून विकता आली असती), प्रोसेसरवरची वाळून खडी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, आणि आतला तारेचा छोटा बटण सेल बदलला. हा सेल गेला की लॅपटॉपची तारीख दर वेळी मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेपासून जीमेलपर्यंत सगळ्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून ओरडतात. कित्येक लॅपटॉप या एवढ्याशा सेलपायी 'व्हायरस लागला' म्हणून बाद होतात.

राहिलं सॉफ्टवेअर. विंडोज ११ अधिकृतपणे चढणार नाही. जबरदस्तीने चढवायच्या युक्त्या आहेत, पण अपडेट कधी अडकेल याचा भरवसा नाही, आणि कॉलेजच्या सबमिशनच्या आदल्या रात्री मला तो फोन नको होता. आम्ही लिनक्स मिंट टाकलं, हलकी एक्सएफसीई आवृत्ती. फुकट. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, म्हणजे पोरीची डिग्री होऊन वर एखादं वर्ष. खालच्या पट्टीत मेनू, कोपऱ्यात घड्याळ, विंडोजवरून आलेल्याला फारसं परकं वाटत नाही. पायथन आधीच असतं, जावा आणि डेटाबेस दोन कमांडमध्ये येतात, लिब्रेऑफिस असतं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही लावता येतो. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय दिसतो, तो निवडा. लॅपटॉप लोकलमध्ये विसरला तरी निदान डेटा विसरला जाणार नाही.

मात्र एक गोष्ट सगळ्यात आधी करा, आणि ती स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधीची आहे. कॉलेजला किंवा ऑफिसला विचारा की एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतं का. ऑनलाइन परीक्षेवर कॅमेऱ्याने नजर ठेवणारी बरीच सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाहीत. मावसबहिणीने लॅबच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, प्रॅक्टिकल परीक्षा लॅबमधल्याच मशीनवर होते, घरी काहीही वापर. उत्तर उलटं आलं असतं तर मी हा घाट घातलाच नसता. तेव्हा आठव्या पिढीचा, विंडोज ११ चालणारा सेकंडहँड लॅपटॉप, २०१८ चा थिंकपॅड टी४८० वगैरे, शोधला असता. त्यातही रॅमचे दोन स्लॉट आहेत. किंबहुना हाच मोजायचा गज ठेवा. जुन्याला उठवायचा खर्च अशा लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की थांबा. जुन्या वस्तूवर प्रेम करावं, कर्ज काढू नये.

आमचा खर्च? चार जीबी रॅम ६००, नवी बॅटरी २,२००, कीबोर्ड ८००, थर्मल पेस्ट १५०, सेल १५०, डिस्कची यूएसबी डबी ३५०. एकूण ४,२५० रुपये, आणि मैत्रिणीला एक जेवण. सुरू व्हायला आधी तीन मिनिटांच्या वर लागायची, आता पंचवीस सेकंद.

फुशारकी नको. मशीनच्या मर्यादा आहेत त्या आहेतच. दोन कोअरचा प्रोसेसर आहे. मोबाइल ॲप बनवायची वेळ आली की अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर याला झेपणार नाही. व्हिडिओ एडिटिंग, गेम्स विसरा. यूट्यूबवर हाय डेफिनिशन लावलं की पंखा हेलिकॉप्टरसारखा सुटतो, कारण यूट्यूबचे नवे व्हिडिओ फॉरमॅट उलगडणारं हार्डवेअर २०११ च्या चिपमध्ये नाहीच. साडेबारा इंची स्क्रीन, १३६६ बाय ७६८. दोन विंडो शेजारी-शेजारी ठेवल्या की डोळे बारीक करावे लागतात. डाव्या बाजूला मॉनिटरची जोडणी आहे, तेव्हा पुढेमागे कुणाचा तरी टाकाऊ मॉनिटर मिळवायचा विचार आहे.

काकांनी एवढे दिवस या विषयात लक्ष घातलं नव्हतं. लॅपटॉप घरी पोचला त्या संध्याकाळी ते बराच वेळ मावसबहिणीच्या खांद्यावरून बघत होते. मग म्हणाले, "यात रेझ्युमे टाइप करता येईल का गं?" तिने लिब्रेऑफिस उघडून दिलं आणि उठून खुर्ची दिली. त्या रात्री लॅपटॉप तिच्या वाट्याला साडेअकराला आला.

उरलेल्या सामानाची वाट लावायची होती. ३२० जीबीची हार्ड डिस्क कुंडलीत ठीक निघाली, म्हणून त्या यूएसबी डबीत घालून मावशीला फोटोंच्या बॅकअपसाठी दिली (बॅकअप, एकमेव प्रत नव्हे, हे तिला दोनदा सांगितलं). दोन जीबीच्या पट्ट्या लॅमिंग्टन रोडवाल्याने नाममात्र भावात घेतल्या. मेलेली बॅटरी आणि मैत्रिणीचा मदरबोर्ड ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात. ओल्या-सुक्याच्या डब्यात बॅटरी टाकणाऱ्यांना मी वेगळं काही बोलणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी माल बनवणाऱ्या कंपन्यांवरच तो परत रिसायकल करवून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. तुमच्या ब्रँडच्या वेबसाइटवर कलेक्शनची माहिती शोधा, असते.

आणि हो, मैत्रिणीच्या लॅपटॉपचा स्क्रीन अजून माझ्याकडे आहे. १५.६ इंची, ३० पिनचा, एकही डाग नाही. तुमच्यापैकी कुणाच्या लॅपटॉपची काच फुटली असेल तर मागचा लेबल नंबर आधी जुळवून बघा.